याचा अर्थ काय?

गेल्या महिन्यातील एका रविवारी ठाण्याच्या चर्चमधून ऐरोलीला परत येताना माझी नऊ वर्षांची मुलगी लोकलमध्ये खिडकीशी गप्प बसून होती. शब्बाथ शाळेत, म्हणजे मुलांच्या रविवारच्या धर्मवर्गात, त्या दिवशी दहा आज्ञांची उजळणी झाली होती. आईबापांचा मान राखण्याची आज्ञा कितवी, असे बाईंनी विचारले, हिने सर्वांच्या आधी हात वर करून ‘चौथी’ असे सांगितले, आणि बाईंनी प्रेमानेच, पण सगळ्यांदेखत, ‘नाही बाळा, पाचवी’ अशी दुरुस्ती केली. दिघा गाव स्टेशन मागे पडले तेव्हा तिने माझ्याकडे वळून विचारले, “आई, पणजीने तुला चुकीचं शिकवलं होतं का?”

ऐरोली येईपर्यंतच्या चार मिनिटांत सांगता येण्यासारखे ते उत्तर नव्हते. “पणजीचंही बरोबर आहे आणि बाईंचंही बरोबर आहे, घरी गेल्यावर सांगते,” एवढेच मी म्हणाले. घरी सांगितले तेही थोडक्यातच. जे सांगायचे राहिले ते येथे लिहीत आहे, कारण ज्या लूथरन मंडळीत (जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरच्या परंपरेतल्या ख्रिस्ती समुदायात) मी वाढले तिच्यासारख्या मंडळीविषयी मराठीत लिहिलेले मला क्वचितच वाचायला मिळाले, आणि ती मंडळी वर्षागणिक लहान होत चालली आहे.

आधी आकड्यांचा प्रश्न. आज्ञा दहा आहेत असे बायबलमध्ये स्पष्ट म्हटले आहे, परंतु त्यांना एक, दोन, तीन असे क्रमांक घातलेले नाहीत. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायातील तो मजकूर दहा भागांत कसा पाडायचा याच्या जुन्या काळापासून वेगवेगळ्या पद्धती आहेत. संत ऑगस्टीनच्या पद्धतीत ‘अन्य देव नसावेत’ हे वचन आणि मूर्तीविषयीचे वचन मिळून पहिली आज्ञा होते, आणि शेवटच्या लोभाविषयीच्या वचनाच्या दोन आज्ञा होतात. रोमन कॅथलिकांनी ही पद्धत ठेवली आणि मार्टिन लूथरनेही ती बदलली नाही. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल परंपरेत मात्र मूर्तीविषयीचे वचन स्वतंत्र दुसरी आज्ञा मानतात, त्यामुळे पुढचा प्रत्येक आकडा एकाने सरकतो. महाराष्ट्रातील बहुतेक मराठी प्रोटेस्टंट मंडळ्या या दुसऱ्या परंपरेतल्या मिशनांतून उभ्या राहिल्या, आणि त्यांतील पुष्कळशा २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये एकत्र आल्या. माझ्या यजमानांचे घराणे नगरकडचे, अमेरिकन मराठी मिशनच्या काळापासूनचे, म्हणून लग्नानंतर मीही त्याच चर्चची सभासद झाले. लूथरन मंडळ्या त्या ऐक्यात आल्या नव्हत्या. ठाण्यातल्या बाईंची पाचवी आज्ञा आमच्या गावाकडे चौथी असते, ती त्यामुळे.

आमचे गाव नागपूर आणि छिंदवाडा यांच्या मधल्या पट्ट्यात आहे. काळी जमीन, कापूस, संत्र्यांच्या बागा आणि घराघरांत मराठी, असा हा मुलूख १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मध्य प्रदेशातच राहिला. त्यामुळे आम्ही घरात मराठी बोलत असू, शाळेत हिंदी शिकत असू आणि रविवारी उपासनाही हिंदीतच करत असू. या भागात लूथरन पंथ आणला तो स्वीडनमधल्या मिशनने. १८५६ साली तेथे स्थापन झालेल्या एका मिशन संस्थेने १८७७ साली मध्य भारतात काम सुरू केले आणि पुढे सागर, बैतूल, छिंदवाडा या बाजूला शाळा, दवाखाने आणि लहान लहान मंडळ्या उभ्या राहिल्या. त्यांचेच आजचे रूप म्हणजे इव्हँजेलिकल लूथरन चर्च इन मध्य प्रदेश, ज्याचे मुख्य कार्यालय छिंदवाड्याला आहे. बैतूल जिल्ह्यातले १९५८ साली सुरू झालेले पाढरचे रुग्णालय याच चर्चचे, आणि दुखणे हाताबाहेर गेले की “पाढरला न्या” असे आमच्याकडे हिंदू, ख्रिस्ती सगळेच म्हणत.

लहानपणी मला वाटे की जगात लूथरन म्हणजे आम्ही, छिंदवाड्याचे लोक आणि कुठेतरी बर्फात राहणारे ते स्वीडिश. भारतात पहिले लूथरन मिशनरी ९ जुलै १७०६ रोजीच तमिळ देशात तरंगंबाडीला उतरले होते, गुंटूरला १८४२ पासून आणि रांचीला १८४५ पासून काम चालू आहे, हे मला फार उशिरा कळले. नोकरीसाठी नवी मुंबईत आले तेव्हा वसतिगृहात माझ्या खोलीत गुंटूरकडची एक तेलुगू परिचारिका होती. एका रात्री दिवा मालवण्याआधी तिने कपाळ, छाती आणि खांदे असा क्रूस काढला आणि काहीतरी पुटपुटली. भाषा मला कळली नाही, पण लय ओळखीची वाटली. विचारले तर ती आमचीच संध्याकाळची प्रार्थना निघाली. आम्हा दोघींच्या आज्यांनी एकच पुस्तक, लूथरची ‘स्मॉल कॅटेकिझम’ ही प्रश्नोत्तरांची पुस्तिका, दोन भाषांत पाठ केलेले होते.

त्या पुस्तकाविषयी सांगितल्याशिवाय आमच्या मंडळीविषयी काहीच सांगता येणार नाही. १५२८ साली मार्टिन लूथर सॅक्सनीतल्या मंडळ्यांची पाहणी करायला फिरला. विटेनबर्गमध्ये पापमाफीच्या विक्रीविरुद्ध मांडलेले पंचाण्णव मुद्दे, म्हणजे १५१७ च्या ३१ ऑक्टोबरची गोष्ट, अकरा वर्षे जुनी झाली होती, मोठमोठ्या विद्वानांशी वाद झाले होते, नवा करार जर्मन भाषेत येऊनही सहा वर्षे झाली होती. आणि खेड्यात जाऊन पाहावे तर लोकांना येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना येत नाही, दहा आज्ञा माहीत नाहीत, आणि पुष्कळ पाळकांनाही (पाद्र्यांनाही) त्या शिकवता येत नाहीत. त्या अवस्थेने तो इतका व्यथित झाला की १५२९ च्या सुरुवातीला त्याने घराच्या भिंतीवर लावता येतील असे मोठे कागद छापले आणि त्याच वर्षी त्यांची लहानशी पुस्तिका केली. खेड्यातल्या माणसांना डोळ्यांपुढे ठेवून ती लिहिलेली आहे, हे प्रस्तावनेत तो स्वतःच सांगतो. प्रत्येक भागाच्या वर सूचना आहे की घरच्या कर्त्याने आपल्या घरच्या माणसांना हे साधेपणाने असे शिकवावे. म्हणजे या पुस्तकाचा वर्ग स्वयंपाकघरात भरतो.

पुस्तकाची रीत अगदी सोपी आहे. आधी आज्ञा, विश्वासाचे वचन (क्रीड) किंवा प्रार्थनेची एक ओळ येते, मग एक प्रश्न येतो आणि त्याखाली दोन-चार वाक्यांत उत्तर असते. मूळ जर्मनमध्ये प्रश्न ‘हे काय आहे?’ इतकाच आहे. आमच्याकडच्या हिंदी पुस्तिकेत तो ‘इसका अर्थ क्या है?’ असा होता. आजी चुलीपुढे भाकरी थापता थापता आमच्याकडे न पाहता आज्ञा म्हणायची आणि मग आमच्या बोलीत विचारायची, “याचा अर्थ काय होते, सांग बरं?” पुस्तक हिंदी आणि आजी मराठी, त्यामुळे उत्तरे तिने स्वतःच मराठीत करून घेतली होती. ती कुठे लिहिलेली नव्हती. तिच्या तोंडून आईकडे आली, आईकडून आणि तिच्याकडून माझ्याकडे आली. सुरुवात नेहमी एकच असे, “आपण देवाचं भय धरावं आणि त्याच्यावर प्रेम करावं, म्हणून...” आणि त्या ‘म्हणून’नंतर भाकरी तव्यावर पडे.

प्रभूच्या प्रार्थनेतल्या रोजच्या भाकरीच्या विनंतीचे उत्तर तिला सर्वांत प्रिय होते. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ या ओळीतल्या भाकरीचा अर्थ लूथरने फार मोठा केला आहे. अन्न, पाणी, कपडे, जोडे, घर, अंगण, शेत, गुरे, पैसा, भला जोडीदार, भली लेकरे, प्रामाणिक अधिकारी, चांगले राज्य, चांगले हवामान, शांतता, आरोग्य, अब्रू, चांगले मित्र आणि विश्वासू शेजारी, असे सगळे त्या एका शब्दात येते. शहरात वाढलेल्या माणसाला ही यादी लांबण लावल्यासारखी वाटेल. ज्याच्या घरी एक बैल मेला तर वर्ष बुडते त्याला ती तशी वाटत नाही. ज्या वर्षी पाऊस ओढ धरी त्या वर्षी आजी ‘चांगले हवामान’ या शब्दांपाशी जरा थांबे, आणि त्या वेळी भाकरी उलटायची राहून जाई. त्याच उत्तरात असेही आहे की देव ही भाकर आपण न मागताही देतो, वाईट माणसांनाही देतो. आपण प्रार्थना करतो ती, हे ओळखून आभार मानून ती घ्यावी म्हणून. आमचे शेजारी बहुतेक हिंदू शेतकरी होते. त्यांच्या आणि आमच्या शेतावर एकच पाऊस पडे, याचा अर्थ मला त्या उत्तरामुळे कळला, आणि कोणाच्याही धर्माविषयी तुच्छतेने बोलण्याची आमच्या घरी सोय नव्हती तीही त्यामुळेच, असे मला आज वाटते.

चर्च म्हणजे कौलारू छपराची एक लांबट खोली. माझ्या लहानपणी मंडळीत अठरा घरे होती आणि सगळी आली तरी मागच्या दोन सतरंज्या रिकाम्या राहात. घंटा नव्हती, कडुलिंबाला लोखंडी रुळाचा तुकडा टांगलेला होता आणि तो वाजवण्याचा मान वयाने सर्वांत लहान, पण हात पोहोचेल अशा मुलाचा असे. वेदीवरचे कापड वर्षाच्या ऋतूप्रमाणे बदले: नाताळाआधीच्या आगमनकाळात आणि ईस्टरआधीच्या उपवासकाळात जांभळे, नाताळात आणि पुनरुत्थानाच्या सणाला (ईस्टरला) पांढरे, पेंटेकॉस्टला म्हणजे पवित्र आत्म्याच्या सणाला लाल, आणि बाकीचे कितीतरी आठवडे हिरवे. ही कापडे धुण्याचे काम आजीकडे होते. जांभळ्याचा रंग जाई म्हणून ते ती वेगळ्या बादलीत मिठाच्या पाण्यात भिजवी, आणि त्या दोरीवर दुसरे काही वाळत घालू देत नसे.

पाळकसाहेबांकडे आमच्यासारख्या पाच-सहा मंडळ्या होत्या, म्हणून ते महिन्यातून एकदाच येत. बाकीच्या रविवारी मंडळीने निवडलेले एक निवृत्त मास्तर उपासना चालवीत. सुरुवात पापांगीकाराने होई, सगळे मिळून मोठ्याने म्हणत, मग क्षमेचे वचन, मग स्तोत्र, वाचन आणि छापील प्रवचन. मास्तर ते शाळेत धडा वाचावा तसे वाचत आणि मधेच चष्मा काढून “हे आपल्यासाठी आहे” असे म्हणत. प्रभुभोजन, म्हणजे भाकरी आणि द्राक्षरसाचा संस्कार, मात्र ते कधीही देत नसत. १५३० साली २५ जून रोजी सम्राट पाचव्या चार्ल्सपुढे लूथरन पक्षाने जो विश्वासाचा जाहीरनामा वाचला, त्या ऑग्सबर्गच्या कबुलीजबाबात म्हटले आहे की रीतसर पाचारण झाल्याशिवाय कोणी चर्चमध्ये जाहीरपणे शिकवू नये वा संस्कार देऊ नयेत. पाळकसाहेब आले नाहीत, नदीला पूर आला, गाडी बंद पडली, की प्रभुभोजन पुढच्या महिन्यावर जाई. त्या वाट पाहण्याने त्याची किंमत वाढे. येथे ठाण्यात उपासनेची वेळ चुकली तर संध्याकाळची असते, आणि सोय आहे याबद्दल मी ऋणी आहे, पण तीस दिवस वाट पाहून वेदीपुढे गुडघे टेकण्याचे जे गांभीर्य तेव्हा होते ते मला पुन्हा तसे मिळालेले नाही.

त्या वेदीपाशी घडलेली एक गोष्ट मी विसरू शकत नाही. आमच्या मंडळीतले एक काका भावाशी जमिनीवरून भांडले होते, दारूही पीत, आणि कित्येक वर्षे उपासनेला येऊनही प्रभुभोजनाला पुढे येत नसत. शेवटच्या सतरंजीवर खांबाला टेकून बसत आणि इतर पुढे गेले की पायाकडे पाहात. एका उपवासकाळात पाळकसाहेबांनी प्रवचनात पुस्तिकेतलाच एक प्रश्न घेतला: हे भोजन योग्य रीतीने कोण घेतो? उत्तर असे आहे की उपवास आणि बाहेरची तयारी ही चांगलीच गोष्ट आहे, परंतु ‘तुमच्यासाठी दिलेले’ आणि ‘पापांच्या क्षमेसाठी सांडलेले’ या शब्दांवर जो विश्वास ठेवतो तोच खरा योग्य आणि तयार. पाळकसाहेबांनी ‘तुमच्यासाठी’ हा शब्द तीनदा उच्चारला आणि खाली बसले. त्या दिवशी काका उठले नाहीत. पुढच्या महिन्यात उठले. कापूस वेचून भेगा पडलेला त्यांचा तळहात मी शेजारून पाहिला. त्यावर ठेवलेली पातळ पांढरी चकती तोंडाकडे नेताना हात इतका थरथरत होता की त्यांनी दुसऱ्या हाताने मनगट धरले. दारू त्यांनी त्यानंतर सोडली असे मी लिहू शकले असते तर बरे झाले असते. ती सुटली नाही, कधी कमी झाली, कधी वाढली. पण ते दर महिन्याला पुढे येत राहिले, आणि त्यांनी येऊ नये असे मंडळीत कोणी म्हटले नाही.

माणूस एकाच वेळी नीतिमान ठरवलेला आणि पापी असतो, असे लूथरन शिकवण सांगते. पुस्तकात वाचले तर हे वाक्य गुंतागुंतीचे वाटते; मला ते त्या मनगटावरून समजले. भाकरीत आणि द्राक्षरसात प्रभू खरोखर उपस्थित असतो असे आम्ही मानतो, आणि माझे यजमान ते प्रामुख्याने स्मरण म्हणून घेतात. लग्नाला तेरा वर्षे झाली, आमचे यावर बोलणे होते, मत एक झालेले नाही, आणि रविवारी आम्ही एकाच कठड्यापाशी शेजारी गुडघे टेकतो.

कृपा म्हणजे काय, हे मात्र मी वेदीपाशी शिकले नाही. ते शिकले एका श्रावणातल्या रात्री, शेजारच्या घरात कंदील धरून उभी असताना. आजी गावची दाई होती. माझ्या आईच्या चुलतबहिणीला दिवस भरण्याच्या पुष्कळ आधी मुलगी झाली, रडली नाही, आणि अंग निळसर पडत होते. पाऊस कोसळत होता, पूल पाण्याखाली होता, आणि पाळकसाहेब पलीकडच्या गावी. आजीने बाळाला कापसात गुंडाळले, मावशीला नाव विचारले, पितळी वाटीत कोमट पाणी मागवले, आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने तीन वेळा ओंजळीतून त्या सुपारीएवढ्या कपाळावर पाणी सोडले. मग सगळ्यांनी प्रभूची प्रार्थना म्हटली. तातडीच्या वेळी कोणाही ख्रिस्ती माणसाने दिलेला बाप्तिस्मा पूर्ण बाप्तिस्मा असतो, तो पुन्हा द्यायचा नसतो, हे लूथरन मंडळ्यांत दायांना आवर्जून शिकवले जात आले आहे. बाळ तिसऱ्या दिवशी गेले. पूर ओसरल्यावर पाळकसाहेब आले, त्यांनी नोंदवहीत नाव लिहिले, आणि ‘बाप्तिस्मा देणारा’ या रकान्यात आजीचे नाव लिहून तिच्यापुढे वही फिरवली. तिने सही केली. तिला सही तेवढीच येत होती.

मी अकरा वर्षांची होते. घरी आल्यावर मी विचारले की त्या बाळाने तर काहीच केले नाही, विश्वास नाही धरला, प्रार्थना नाही म्हटली, मग तिला देवाने कसे घेतले? आजी म्हणाली, “तिनं काय करावं लागते? काहीच नाही. देनारा देते.” एवढे बोलून ती पितळी वाटी राखेने घासायला बसली.

पुढे मी शिकले, स्पर्धा परीक्षा दिल्या, नोकरी मिळवली, घराचे हप्ते भरते आहे. जे मिळाले ते कष्टाने मिळाले असे मानायची सवय या शहरात लागते आणि ती सवय वाईट आहे असे मी म्हणणार नाही. परंतु प्रत्येक वेळी मी विश्वासाचे वचन म्हणते तेव्हा त्यातल्या तिसऱ्या भागाचे उत्तर आठवते. माझ्या स्वतःच्या बुद्धीने किंवा शक्तीने मी ख्रिस्तावर विश्वास ठेवू शकत नाही, पवित्र आत्म्यानेच मला बोलावले, असे त्यात आहे. विश्वाससुद्धा माझी कमाई नाही, हे कबूल करणे मला अजूनही सोपे जात नाही. त्या बाळाचे कपाळ आठवले की जाते.

लहान मंडळीत राहणे नेहमी गोड नसते, हेही सांगितले पाहिजे. अठरा घरांत सगळेच एकमेकांचे सोयरे, त्यामुळे एका लग्नात कोणाला पंगतीत आधी बसवले यावरून दोन वर्षे अबोला चाले. जुन्या जातीची आठवण मंडळीत आली नव्हती असेही नाही. सोयरिकीच्या वेळी ती डोके वर काढी, आणि ते पाप आहे हे माहीत असूनही वडीलधारी माणसे गप्प बसत. याचे मला आजही वाईट वाटते. आठव्या आज्ञेचे उत्तर आजी अशा वेळी म्हणे. खोटी साक्ष देऊ नको, याचा अर्थ असा की शेजाऱ्याविषयी खोटे बोलू नये, त्याचा विश्वासघात करू नये, त्याची बदनामी करू नये. त्याची बाजू घ्यावी, त्याच्याविषयी चांगले बोलावे आणि त्याच्या प्रत्येक गोष्टीचा चांगल्यात चांगला अर्थ लावावा. मोठ्या शहरात ज्याच्याशी पटत नाही त्याच्यापासून दूर राहता येते. गावात त्याच विहिरीवर जावे लागते, तीच सतरंजी अर्ध्यात वाटून घ्यावी लागते, आणि मग हा चांगला अर्थ शोधण्यावाचून दुसरा मार्ग उरत नाही.

वर्षातून एकदा कापणीचा सण होई. कापूस, ज्वारी, मका, संत्री, भोपळे, एखादी पाय बांधलेली कोंबडी असे सगळे वेदीपुढे मांडले जाई आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होई. पहिल्या संत्र्याला बोली लागे, घेणारा ते विकत घेऊन पुन्हा वेदीवर ठेवी, आणि तेच संत्रे चार-पाच वेळा विकले जाई. छपराची कौले त्या पैशांतून बदलली गेली. शेजारचे हिंदू शेतकरीही लिलावाला येत आणि कोंबडी बहुतेक वेळा त्यांच्यापैकीच कोणीतरी घेई.

गेल्या वर्षी पुनरुत्थानाच्या सणाला मी मुलीला घेऊन गेले. रात्रीच्या गाडीने नागपूर आणि तेथून एसटीसारखीच एक खासगी बस. मास्तर आता नाहीत, आजी जाऊन आठ वर्षे झाली. तरुण नागपूरला, पुण्याला आणि माझ्यासारखे इकडे खाडीच्या काठी आले आहेत. आम्ही दोघी धरून उपासनेला नऊ जण होतो. मास्तरांच्या सूनबाई वाचन करत होत्या आणि वेदीवरचे पांढरे कापड त्याच कापडाचे होते की नवे, ते मला ओळखता आले नाही. मंडळी एवढीच राहिली तर ती मंडळी म्हणायची का, असे परतताना बसमध्ये मनात आले. ऑग्सबर्गच्या त्याच कबुलीजबाबाच्या सातव्या कलमात चर्चची व्याख्या आहे: जेथे शुभवर्तमान शुद्धपणे शिकवले जाते आणि संस्कार योग्य रीतीने दिले जातात तो विश्वासणाऱ्यांचा मेळावा म्हणजे चर्च. त्यात इमारत नाही, आणि किती माणसे हवीत तेही नाही. हे कलम मी तरुणपणी कितीदा वाचले होते, पण माझ्या मावशीसाठी, काकांच्या मुलासाठी आणि त्या सतरंजीभर नऊ माणसांसाठी ते लिहिले आहे हे त्या बसमध्ये कळले.

शब्बाथ शाळेतला तो रविवार झाल्यापासून मी एक शंभर पानी वही घेतली आहे आणि आजीची मराठी उत्तरे त्यात उतरवून काढते आहे. हिंदी पुस्तिका शेजारी ठेवते, पण शब्द शक्यतो तिचेच ठेवते, कारण लूथरने जर्मन बायबल करताना लोकांच्या तोंडची भाषा घेतली तसे तिने, त्याचे नावही नीट न उच्चारता, चुलीपुढे केले होते. काही ठिकाणी मला तिचा शब्द आठवत नाही, तेव्हा आईला फोन करते. आईला आठवला नाही तर जागा मोकळी सोडते. आज्ञांपुढे आकडे दोन्ही लिहिले आहेत, चौथी आणि कंसात पाचवी. बाईंना वही दाखवली तेव्हा त्यांनी ती आठवडाभर घरी नेली आणि परत देताना पुढच्या वर्गासाठी रोजच्या भाकरीचे पान उतरवून घेतल्याचे सांगितले.

काल रात्री आम्ही त्याच पानाची पुन्हा उजळणी केली. शेवटच्या शब्दांपाशी मी ‘विश्वासू शेजारी’ असे लिहिले होते. मुलगी म्हणाली, “पणजी असं म्हणायची?” मी आठवून पाहिले. आजी ‘भरोशाचे शेजारी’ म्हणायची. “मग तेच लिही,” ती म्हणाली, आणि समोरच्या दाराकडे मान करून, “त्या काकूंकडे आपली किल्ली असते, तसे.” मी खोडून तसे लिहिले. पुस्तिकेत संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर एक सूचना आहे, की मग लगेच आणि आनंदाने झोपून जावे. तिने क्रूस काढला, पांघरूण ओढले आणि उद्या कोणते पान आहे असे विचारले. उद्या पाचवी विनंती आहे, आमच्या अपराधांची क्षमा कर.